हिल्माच्या घरातली ऊब

२ नोव्हेंबर
आलो एकदाच्या हाल्कोरांताला. बसमधून उतरताच डांबराचा आणि खारवलेल्या माशांचा वास आला आणि माझ्या लेकीने, मार्केत्ताने, नाक मुरडलं. सहा वर्षांची आहे, पण नाक मुरडण्यात साठीची. सगळं गाव लाकडाचं. घरं इतकी खेटून की शेजारणीला शिंक आली तर रुमाल आपणच पुढे करावा. आमचं घर पिवळं, खिडक्यांना पांढऱ्या चौकटी, खोलीत घर तापवायची, छताला टेकणारी पांढऱ्या फरशांची भट्टी. सोमवारपासून टेलिफोन एक्सचेंजमध्ये रुजू व्हायचंय. माझा नवरा यानी गेल्यावर पहिल्यांदाच मला बरं वाटतंय.

५ नोव्हेंबर
शेजारच्या त्यूनेबाई कॉफीची किटली घेऊनच आल्या आणि बसायच्या आधी भट्टीकडे गेल्या. म्हणाल्या, अगं, निखाऱ्यावर निळी ज्योत नाचतेय तोवर धुराड्याची झडप लावू नकोस, नाहीतर विषारी वायू घरात कोंडेल आणि सकाळी तुम्हा दोघींना मलाच उचलावं लागेल. आणि ज्योत विझल्यावर झडप लावायला उशीर केलास तर सगळी ऊब धुराड्यातून वर, कावळ्यांना. इथे बाईची पारख यावरूनच होते म्हणे. कोणाचा धूर कधी थांबला, हे सगळी गल्ली खिडकीतून बघते. मी हसले. माझी पारख करायला या गल्लीला जरा वेळ लागेल.

९ नोव्हेंबर
आज मासे साफ करता करता त्यूनेबाईंनी या घराची गोष्ट सांगितली. मान वर न करता. इथे हिल्मा नावाची बाई राहायची. कडक काटकसरी. तिच्याकडे दोन तरुण मुली भाड्याने होत्या. कडाक्याच्या थंडीत तिने ऊब वाचवायला झडप लवकर लावली. ती स्वयंपाकघरात झोपली म्हणून वाचली, मुली गेल्या. पुढे जन्मभर ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, पोरी गारठल्या तरी नाहीत माझ्या घरात. गेल्या वसंतात तीही गेली. घर देताना हे कोणी बोललं नाही. मला संताप आला, पण जाऊ कुठे? नोकरी इथे आहे.

१२ नोव्हेंबर
भांडी धुऊन खोलीत आले तर झडप लावलेली. आत निळी ज्योत. धावत उघडली, दार सताड उघडं टाकलं. मार्केत्ताला फैलावर घेतलं. ती रडत म्हणाली, आई, माझा हात तरी पोचतो का तिथे? खरंच पोचत नाही. तिचं डोकं ठणकत होतं, दोनदा ओकली. मी तिला कुशीत घेऊन बसले. मला फार भीती वाटली.

१४ नोव्हेंबर
झडप उघडी ठेवून तिची मूठ तारेने घट्ट बांधली. जेवण आटोपून पाहिलं तर तार सुटलेली, टेबलावर नीट गुंडाळून ठेवलेली. झडप बंद.
मार्केत्ता म्हणते, एक काकू येऊन पांघरूण सारखं करते, थंडी वाजते का विचारते. दिसते कशी, विचारलं. म्हणाली, तुझ्यासारखीच.

१६ नोव्हेंबर
भट्टी पेटवणं बंद. पोर खोकते आहे, ओठ निळे. त्यूनेबाई म्हणाल्या, हट्ट सोड, दोघी माझ्याकडे झोपायला या. मी नको म्हटलं. पंधरा दिवसांत घराला घाबरून पळालेली बाई, हे गावाचं फोनवरचं बोलणं ऐकायला एक्सचेंजमध्ये मीच बसलेली असणार.

१७ नोव्हेंबर, दुपार
हाताला काजळी आहे. तळव्यावर तारेचे ओरखडे.
मार्केत्ताला विचारलं. ती म्हणाली, तूच लावतेस ना झडप, आई. स्टुलावर चढून. तेव्हा मी हाक मारली तरी तू बघत नाहीस.
मला काहीच आठवत नाही.
उद्याच्या बसने निघायचं. आज संध्याकाळीच पोरीला त्यूनेबाईंकडे नेऊन सोडणार. त्यांना सांगणार, मला आत घेऊ नका. माझ्यापासून तिला लांब ठेवा.

१७ नोव्हेंबर, संध्याकाळ
पेटी भरली. बाहेर वादळ. पोर थरथर कापते आहे. सामान आवरेपर्यंत थोडीशीच भट्टी पेटवली. ऊब आल्यावर तिला डुलकी लागली. किती दिवसांनी शांत —

निघायला हवं. उठवायला जीव होत नाही.

निखारे छान झालेत. एवढी ऊब वर — वाया —

नाही. ऊठ. कोट घाल तिला. पलीकडचंच तर दार —

वादळात पोरीला कुठे न्यायचं. इथे काय वाईट आहे. ज्योत निळी आहे थोडी, पण फार नाही —

स्टूल कोणी आणलं इथे

लावली.

आता बरं वाटतंय. पेन जड झालं. दार वाजतंय, त्यूनेबाई हाका मारताहेत. कडी मी घातली असेल. इतक्या लांब उठून कोण —

मार्केत्ताचे गाल लालचुटुक झालेत. मघापासून खोकलीही नाही. हाक मारली. ओ देत नाही. पुन्हा हाक मार —

मार्केत्ता म्हणून हाक मारायची होती. तोंडातून हिल्माच्या त्या दोन पोरींची नावं —