उजव्या हाताचं तेल

२ डिसेंबर, मंगळवार

आज परत तेल जास्त तापलं. ह्यांना कळलंच नाही — माझी बोटं पोळली तेव्हा मला कळलं! दंडावर लाल चट्टा उठलाय आणि हे आपले खिडकीबाहेर बघतायत, जसा काही हात शेजाऱ्याचा आहे.

लकवा मारून आज सात आठवडे झाले. पाय बरा आहे, काठी धरून न्हाणीपर्यंत जातात. जीभ जड झालीय, पण आधी तरी कुठे बोलत होते! उजवा हात मात्र खांद्यापासून नुसता लोंबतोय. तो सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास चोळायचा. फिजिओवाली स्वप्ना महिनाभर रोज आली, आता पंधरवड्यातून एकदा येणार. जाताना म्हणाली, "मॅडम, मसाज छोडना नक्को. सूजन उतरती, नींद अच्छी आती, मन कू भी अच्छा लगता." कुणाच्या मनाला, ते नाही सांगितलं.

माझा तर खांदा गेलाय. वेणी घालायला हात वर जात नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

खालच्या मजल्यावर बाळंतीण आहे. तिला अन् बाळाला चोळायला भागूबाई येतात — सत्तरीच्या, मूळच्या नांदेडकडच्या, आमच्या गौलीगुड्यातली निम्मी पोरं त्यांच्या पायावर न्हालेली. हातापाया पडून आज त्यांना वर घेऊन आले. म्हटलं, मी बरोबर करते की नाही बघा.

दोन मिनिटं बघितलं आणि मला बाजूला सारलं. "हात पुसल्यावानी काय करायलीस माय? बोटांपासून काळजाकडं यायचं, उलटं नाय. अन् बोलायचं. मुक्यानं चोळलं तर तेल नुसतं कातड्याला लागतंय."

मी म्हटलं, ह्यांच्याशी काय बोलू? सव्वीस वर्षांत बोलण्याजोगं सगळं तीन वाक्यांत उरकलंय.

त्या हसल्या. मग आपली रीत सांगितली. पहिल्या दिवशीच सांगतात म्हणे सगळ्यांना. "हात उठला, चमचा धरला, की त्या दिवसापासून तेल बंद. म्या तिथंच, माणसाच्या समोर, शिकेकाईनं हात धुते अन् घरी जाते. चालत्या हाताला तेल लावलं की हात लाडावतो. ऐकलं का संभाजीदादा?"

ह्यांनी मान हलवली.

जाता जाता माझ्या खांद्याला बोट लावलं. मी कळवळले. "ह्याला कोण चोळतंय?" म्हणाल्या. मी चहाला आधण ठेवायला गेले.

६ डिसेंबर, शनिवार

पहिलंच वर्ष, महापरिनिर्वाण दिनाला टँकबंडच्या पुतळ्यापाशी गेलो नाही. घरातल्या फोटोला हार घातला, मेणबत्ती लावली. ह्यांनी डावा हात छातीशी आणला आणि तसाच धरला. एका हातानं हात कसे जोडणार? मी त्यांचा उजवा उचलून डाव्याला लावून दिला. धरून उभी राहिले.

११ डिसेंबर, गुरुवार

ह्यांच्या ऑफिसचा माणूस आजारपणाच्या रजेचा कागद घेऊन आला. सही करता येईना. डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. सिकंदराबादच्या पार्सल ऑफिसात एकतीस वर्षं हजारो पावत्यांवर सही केलेला माणूस! अंगठ्याची शाई मी खोबरेल लावून पुसत होते तर हात ओढून घेतला. दिवसभर जेवले नाहीत धड.

दुपारी शाळेच्या मोठ्या बाईंचा फोन. बाल्कनीत जाऊन घेतला. त्या वाईट नाहीत, पण त्यांना तरी किती दिवस जमणार? "गीताबाई, संक्रांतीच्या सुट्टीनंतर एकोणीस तारखेला हजर व्हा. नाहीतर लिहून द्या, मला दुसरं माणूस बघावं लागेल."

बावीस वर्षं मी त्या शाळेच्या ऑफिसात आहे. जामबागच्या त्या खोलीत माझं टेबल, माझ्या कपाटाची किल्ली, दाखल्यांवर माझं अक्षर. आणि ह्यांना एकटं सोडायचं तर निदान पाण्याचा पेला धरता आला पाहिजे, काठी डाव्या हातात असताना दाराची कडी काढता आली पाहिजे. म्हणजे एकोणीस तारखेच्या आत उजवा हात चालला पाहिजे.

ह्यांना काही सांगितलं नाही. आधीच अंगठ्याचं दुखणं काय कमी आहे?

१७ डिसेंबर, बुधवार

बोलायला लागलेय! सुरुवातीला आमटीत मीठ किती, कुणाचा फोन आला, असलंच. आज कसं कोण जाणे, लग्नातलं निघालं. ह्यांच्या आत्यानं माझा रंग बघून तोंड वाकडं केलं होतं आणि मी परत जाताना रिक्षात रडले होते. सव्वीस वर्षांनी सांगितलं. तेही ह्यांच्या कोपराला! तोंडाकडे बघून नसतंच जमलं.

 मी थांबले तर ह्यांनी मान वळवून बघितलं, पुढे काय म्हणून.

शेवटी खांद्यातून अशी कळ आली की तोंडातून निघूनच गेलं — "एकदाचा चालू दे हा हात, सुटले मी!" लगेच वाईट वाटलं. पण खोटं नव्हतं.

२२ डिसेंबर, सोमवार

हे रात्रभर झोपतात आता. मध्ये उठून कण्हणं बंद. हाताची सूज उतरली, बोटांची नखं पुन्हा गुलाबी दिसायला लागली. त्यांचं जाऊ दे, मलाही झोप लागतेय. दमले म्हणून असेल. पण नुसतं दमून झोप लागत असती तर ऑक्टोबरातच लागली असती.

खरं लिहायचं तर इतक्या वर्षांत मी ह्या माणसाला उजेडात कधी हात लावला नव्हता. डब्याची पिशवी देताना बोट लागलं तर तेवढंच. ह्यांच्या मनगटावर भाजल्याचा जुना व्रण आहे. मला माहीतच नव्हता! विचारलं तर म्हणाले, "लहानपणी. चूल." दोन शब्द. पण सांगितलं.

३० डिसेंबर, मंगळवार

स्वप्ना आली. हात वाकवून, फिरवून बघितला. कपाळाला आठ्या. "हाथ तो एकदम नरम है मॅडम, कितना अच्छा रखे आप. ताकद भी आना था अब तक. अंकल, मेरी उंगली दबाओ." ह्यांनी डोळे मिटून घेतले. बोटं हलली नाहीत. "कायकू नै हो रा, समझ में नै आ रा," म्हणाली. रजिस्टरात काहीतरी लिहिलं आणि पुढच्या पेशंटकडे गेली.

वीस दिवस उरले.

१ जानेवारी, गुरुवार

बाजारातून आले तर भिंतीवर नवं कॅलेंडर लागलेलं. सुरळी सोडवून, खिळ्याला अडकवून. मी कधी लावलं? सकाळी निघताना लावलं असेल. डोकं चालत नाही आजकाल माझं.

५ जानेवारी, सोमवार

तेल पुन्हा तापलं. दंडावर थेंब पडला आणि हात आखडल्यासारखा वाटला! मी ओरडलेच — "कळलं? कळलं का तुम्हाला?" ह्यांनी मान हलवली, नाही. भास झाला असणार. हवं ते दिसतं माणसाला.

९ जानेवारी, शुक्रवार

प्रज्ञेशचा बंगळूरहून फोन. "मम्मी, अटेंडंट ठेव ना. टेन्शन नको घेऊ, मी अ‍ॅपवर बुक करतो." पोराचं चुकत नाही. पण मागच्या महिन्यात एक अटेंडंट येऊन गेला, तर ह्यांनी त्याला अंगाला हात लावू दिला नाही. तोंड भिंतीकडे करून दोन दिवस बसले. जेवण भरवायला मी, चोळायला मी, तो नुसता मोबाईल बघत बसलेला!

आज मात्र माझी मीच राहिले नाही. संध्याकाळची भांडी, वर दूधवाला, वर शाळेतून किल्ली मागायला फोन. ह्यांनी खोकून बोलावलं तशी मी स्वयंपाकघरातूनच किंचाळले, "मी काय यंत्र आहे का?" आणि गेलेच नाही. तासाभरानं बघितलं तर उजवी बाही वर करून, तेलाच्या वाटीजवळ तसेच बसलेले. वाटीतलं तेल गार झालं होतं.

गारच लावलं. बोलले नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

भागूबाई खालून हाक मारून गेल्या. "आला का हात?" मी वरूनच मान हलवली. "येईल माय. तुझा खांदा काय म्हणतोय?"

काही नाही म्हणत. ठणकतो.

१५ जानेवारी, गुरुवार

संक्रांत. वरच्या गच्चीवर पोरांचे पतंग, दिवसभर आरडाओरडा. मी राजीनामा लिहिला. चार ओळी. बावीस वर्षं चार ओळींत बसली. अक्षर चांगलं आलंय, तेवढंच.

१६ जानेवारी, शुक्रवार

सांगून टाकलं. चोळताना, मनगटापासून वर येताना. एकोणीस तारीख, मोठ्या बाई, कागद — सगळं. म्हटलं, तुमचा दोष नाही, हात नाही येत तर नाही येत. मला शाळेचं फार वाटतं, एवढंच. सकाळी पदर खोचून त्या गेटातून आत जाताना मी कुणाची बायको, कुणाची आई नसते. मग रडले. तेल लावता लावता रडणं फार गैरसोयीचं, डोळे पुसता येत नाहीत.

ह्यांचा दंड माझ्या हाताखाली घट्ट झाला. माझीच पकड बिघडली असेल.

कागद टीव्हीशेजारी फोल्डरमध्ये ठेवलाय. सोमवारी देणार.

१७ जानेवारी, शनिवार

सकाळी दळण आणायला गेले होते. आले तर टीव्हीशेजारचं फोल्डर उघडं, आणि राजीनामा टेबलावर. मधोमध फाडलेला. दोन सरळ तुकडे, एकावर एक नीट ठेवलेले, वर पेपरवेट.

मला कळायलाच वेळ लागला. एका हातानं कागद चुरगळता येतो. असा फाडता येत नाही.

हे खुर्चीत. उजवा हात मांडीवर, बोटं आवळलेली. माझ्याकडे बघतच नव्हते.

"कधीपासून?"

"ना... ताळ."

तीन आठवडे! माझ्या डोळ्यांसमोरून एकेक गेलं. कॅलेंडर. स्वप्नाचं बोट. तो तेलाचा थेंब! आणि मी मूर्ख, मला भास झाला म्हणून बसले होते. केवढी ओरडले मी! खांदा मोडून घेतला, शाळेत तोंड दाखवायची सोय ठेवली नाही, रोज तारखा मोजत होते, आणि तुम्ही मुद्दाम? हसत होतात का मनातल्या मनात? शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला तरी थांबले नाही.

मी थकून खाली बसले तेव्हा हे बोलले. ऑक्टोबरापासूनचं सगळ्यात लांब वाक्य, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं.

"नोकरीचं... माहीत नव्हतं मला." मग आवळलेली बोटं सोडवली. "हात आला... असं सांगितलं असतं... तर तू हात धुतले असतेस."

मी स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेतलं. राग आहे. अजून आहे, लिहिताना पण आहे. पण सिंकसमोर उभी राहून जे रडू आलं ते रागाचं नव्हतं. सव्वीस वर्षं मला वाटायचं, ह्या माणसाला माझ्याकडून डबा सोडून काही नकोय.

संध्याकाळी तेल लावलं नाही. शिकेकाईनं हातही धुतले नाहीत. दोन्हीतलं काय करावं तेच समजेना.

१८ जानेवारी, रविवार

उद्या शाळा. साडी काढून ठेवली, किल्ली पर्समध्ये टाकली. ह्यांनी सकाळी पेला दोन्ही हातांनी धरून पाणी प्यायलं, माझ्यासमोर. थोडं सांडलं.

संध्याकाळी तेल कोमट केलं. वाटी ह्यांच्या उजव्या हाताशी ठेवली आणि त्यांच्याकडे पाठ करून जमिनीवर बसले, खांद्यावरचा पदर बाजूला करून.  वाटी सरकल्याचा आवाज आला. मग खांद्यावर बोटं टेकली — पाचही. 

"मुक्यानं नाही," मी म्हटलं. "बोलायचं असतं."

हे शब्द शोधत राहिले. मग म्हणाले, "गरम आहे. पोळत नाही ना?"