मेंढरं वळवायची शीळ

आबा, ते पाखरू सापडलं. आपल्या कवठ्याच्याच ओढ्यात, करंजाच्या जाळीखाली. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाल्यावर सापडलं, म्हणजे मुहूर्त बघा.

मी चौथीत होते. मेंढरांमागची भटकंती सोडून आपण शेतीला लागलो होतो. दारात आठच मेंढरं उरली होती आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ती माझ्याकडे असायची. त्या दिवशी ती शेजारच्या आप्पांच्या वांग्यांत घुसली. आप्पा दारात येऊन ओरडले, "पोरगी कुठं हुती तवा?" मी म्हणाले, नवरंग पक्षी दिसला, त्याच्या मागं गेले. शाळेतल्या तक्त्यावरचं चित्र तेवढं डोक्यात होतं. वाटलं, आता पाठीत धपाटा बसणार. पण तुम्ही शांतपणे म्हणालात, "रंग नगं सांगू. रंग मातीनं बी बदलतो. चाल सांग." कळपातलं मेंढरू तुम्ही लांबून, पाठमोरं, चालीवरूनच ओळखायचात. मी ठोकून दिलं, "टुणटुण उड्या मारतं." "आन् शेपूट?" "न्हाईच." तुम्ही आप्पांकडे वळलात. "पोरीनं बघितलंय, आप्पा. खोटं आसतं तर शेपूट लांब सांगितलं आसतं."

मग चार दिवस पहाटे मला घेऊन तुम्ही ओढ्यात बसलात. जाळीतून शीळ यायची, एक सूर चढता, एक उतरता. तुमची मेंढरं वळवायची शीळ अगदी तशीच. "पल्याड कुणीतरी मेंढरं वळवतंय," म्हणत तुम्ही उलट शीळ घातलीत. तिकडून उत्तर आलं. मग रोज तेच. चौथ्या दिवशी तुम्ही वैतागून उठलात, "ह्या बाबामुळं पाखरू बुजतंय." पुन्हा आपण गेलो नाही.

यंदा सुट्टीत यवतहून माहेरी आले, तर पहाटे तीच शीळ. वस्तीवर आता मेंढरं कुणाकडेच नाहीत. मग वळवतंय कोण? म्हणून ओढ्यात जाऊन बसले. बऱ्याच वेळाने वाळक्या पाल्यात ते आलं. हिरवी पाठ, गव्हाळ पोट, डोळ्यावर काळी पट्टी, बुडाशी लालभडक. शेपूट नावाला. टुणटुण उड्या मारत पाला उलटत होतं. मग मान वर करून त्यानं तुमची शीळ घातली. मला आधी हसू आलं, मग रडू आवरेना.

हे पत्र वहीतच राहणार, टाकणार कुठं? पण तुम्हाला सांगायला हवं होतं. चार दिवस त्याच्याशी बोललात ते तुम्ही, आबा. मेंढरं वांग्यांत घुसली त्या दिवशी मी लिंबाखाली झोपले होते.