होय म्हणणारा माणूस

मालवण, मार्च १९६१

दादा,

आईने सांगितलेलं कौतुकाचं पत्र उद्या टपालात टाकीन. हे माझ्यापाशीच राहील.

काल तिला कट्टा गावच्या सिनेमाच्या तंबूत तुझा सिनेमा दाखवला. 'निर्माता भिकाजी तांडेल' असं मी वाचून दाखवलं, तेव्हा तिने पदराने डोळे पुसले.

आपल्या आबांची होडी तू सिनेमासाठी नेलीस, तेव्हा कुणकेश्वरला शूटिंगआधी देवाला घातलेलं गाऱ्हाणं आठवतं? "आबांची होडी गेली तशी धडधाकट परत येवंदे रे म्हाराजा," असं गावकार म्हणाला, आणि "व्हय म्हाराजा" सगळ्यांत मोठ्याने तू ओरडलास. निर्मात्याचं काम काय, तेही तूच सांगितलंस. "दिग्दर्शक काय वाट्टेल ता मागता. होय की नाय, ता मी सांगतंय."

चार दिवसांनी होडी न्यायला आलो, तर वाळूवर राख. तेव्हा म्हणालास, "दिग्दर्शकान जाळल्यान, मी काय करू?"

आईला मी सांगितलं, होडी वादळात फुटली. तेव्हापासून दुसऱ्याच्या होडीवर मासे मारायला जातो.

काल पडद्यावर ती पेटली. पुढच्या टोकाला, नाळीवर, आबांनी कोरलेला मासा दिसला आणि आई उठून उभी राहिली. मागचे लोक "खाली बस गो म्हातारे" म्हणून ओरडायला लागले. मी हाताला धरून बसवलं.

ज्वाळा विझल्या. मग माझ्या कानाशी म्हणाली, "काशी, माझ्या भिकाजीक कोणी इचारूकच नसतला रे."

मी "व्हय" म्हटलं.

तुझा धाकटा भाऊ,
काशीराम