आईचा शनिवार

शनिवार, दिवेलागण

आईनं आजही काही खाल्लं न्हाई. केमोच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, वजन आणखी उतरलं तर पुढचा डोस थांबेल. डाळ, भाकरी, अंडी, सगळं पोटात जायला पाहिजे. मी भिंगारहून अंडी आणली. वाटेत मिलिटरीच्या गाड्या बघत तासभर उगाच थांबलो, ते जाऊ दे. अंडं उकडून, सोलून पुढं ठेवलं.

"आज शनिवार हाय माझा."

"आजारपणात कसला उपास?" ओरडलोच मी. कशाला ओरडलो?

"तुझे पाय घरात टिकावेत म्हणून धरलाय, भटक्या."

"आलोय ना आता! सोड की मग."

"किती दिवस हायेस?"

'कायमचा' म्हणायचं होतं. खोटं तर खोटं. पण मी नुसतं मीठ पुढं केलं. तिनं ताटली माझ्याकडं सरकवली.

"तूच खा. लई वाळलायस."