सगळ्यांचा एकच स्थिरांक

७ एप्रिल, सोमवार
अरिबाचं जर्नल सहीविना परत आलं! केमिस्ट्रीच्या शर्मिला मॅडम म्हणाल्या, "सगळ्यांचा वेगस्थिरांक एकच येतो, तुझाच तिप्पट कसा?" शनिवारपर्यंत सही नाही, तर बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकल परीक्षेला बसता येणार नाही.
सगळ्यांचा एकच कसा येतो? तर म्हणे, "अब्बा, सीनियरचं जर्नल असतं ना! त्यावरून उतरवतात."
हिनं एकटीनंच खरं मोजलं — आणि हीच अडकली.

८ एप्रिल, मंगळवार
जेवताना मला शिकवत होती. आम्लात एस्टर घालायचं, ते तुटत जातं. दर दहा मिनिटांनी थोडं मिश्रण काढून बर्फाच्या पाण्यात ओतायचं, म्हणजे क्रिया थबकते. मग किती उरलं ते मोजायचं. निम्मं उरलं की वेगही निम्मा. दोन्हींचं गुणोत्तर मात्र तेच — तो स्थिरांक.
"मग तुझा का बदलला?"
"गरमीत बदलतो, अब्बा! लॅबमध्ये तेहेतीस डिग्री होतं."
जुन्या जर्नलात तापमानाचा रकाना कोरा. हिनं बरोबर लिहिलंय. पोर माझी!

९ एप्रिल, बुधवार
तरी म्हटलं, उतरव आणि मोकळी हो. एकतीस वर्षं पेपरच्या डेस्कवर काढली. वेळेत गेलेली बातमी ती चांगली बातमी.
बायको, अफशीन, भेंडी चिरता चिरता म्हणाली, "अहो, तुमच्या चुकीची दुरुस्ती तुम्ही दुसऱ्या दिवशी चौकटीत छापता. पोरीनं कुठे छापायची?"


१० एप्रिल, गुरुवार
कॉलेजला सुट्टी. अरिबा माझ्याशी बोलत नाही. पण सकाळचा चहा तिनंच दिला — साखर न घालता.

११ एप्रिल, शुक्रवार
बोलली! प्रयोग पुन्हा केला म्हणे. बाटली पाण्याच्या टबात, वरून बर्फाचे खडे टाकत पंचवीस डिग्री धरून ठेवलं. दोन तास उभी होती. स्थिरांक निम्म्यावर आला, पण जुन्या आकड्याशी काही जुळला नाही.
"उतरवू का, अब्बा?"
नको म्हणालो. उद्या स्कूटरवरून मीच सोडणार.

१२ एप्रिल, शनिवार
सही मिळाली. मॅडमनी तिला एकटीला थांबवून घेतलं. म्हणाल्या, "सगळे उतरवतात ते पहिलं जर्नल माझंच गं. त्या दिवशी लॅबमधला बर्फ संपला, पुढचे आकडे मी घरी बसून लिहिले. तेवीस वर्षं ते आकडे ओळखते आहे — आणि सही करते आहे."