कोऱ्या तव्याची ग्वाही

माय,

गेले चार दिवस माझ्या टेबलावर एक अर्ज पडून आहे आणि त्याच्यापायी तू सारखी डोळ्यांसमोर येते आहेस. तू गेलीस त्याला बारा वर्षं झाली. तेव्हा जिथे ज्वारीची शेतं होती तिथे आता युनिव्हर्सिटीच्या इमारती आहेत, मी तिथे शिकवते, आणि मुलींच्या छात्रालयाची रेक्टरही मीच आहे. अर्ज मुलींचाच आहे. मेसमध्ये शाकाहारी जेवण वाढवा म्हणतात. आमच्या समितीतले एक गृहस्थ तर अर्ज वाचून हसलेच. म्हणाले, इथे अंडंसुद्धा शिजत नाही, आणखी शाकाहारी म्हणजे गवत वाढायचं का. पण पोरींनी नीट लिहिलंय. एक पंगत कांदा-लसूण नसलेली हवी, बारा महिने. चैत्रात आणि आश्विनात ज्या जैन मुली आयंबिलाची ओळी, ते नऊ दिवसांचं व्रत, करतात त्यांच्यासाठी नऊ दिवस वेगळी चूल हवी. दूध नाही, दही नाही, तूप-तेल नाही, गूळ-साखर नाही, हिरवी भाजी नाही. शिवाय एका मुलीला दूध सोसतच नाही, तिलाही त्या चुलीवरचं खाता येईल. यात नाही म्हणण्यासारखं काय आहे? काही नाही. पण खाली एक ओळ आहे: वेगळ्या चुलीच्या चोखपणाची ग्वाही रेक्टरबेननी स्वतः द्यावी. तिथे माझा पेन अडतो. पोरींमध्ये कुजबुज सुरू झाली आहे की मराठी बाई कांदा खाणारी, ती कशाला सही करते. मी ते ऐकते. भीती कशाची वाटते हे त्यांना सांगता येत नाही, तुला सांगायला हवं होतं.

तुझा तो रसोडा मला अजून जसाच्या तसा दिसतो. एकसष्ट साल असावं, मी इंटरला होते. बापू गेल्यावर तू कॉलेजच्या मुलींच्या छात्रालयात पोळ्या लाटायला लागलीस आणि तुझ्या शब्दावर माझी फी माफ झाली. उधन्याच्या घरून आपण दोघी पहाटे चालत निघायचो. तू रसोड्यात, मी तास सुरू होईपर्यंत तुझ्याजवळ अभ्यास करत. रसोड्याचं राज्य महाराजांचं, म्हणजे तिथल्या आचाऱ्याचं. डाळ, शाक, कढी, वाढणं, सगळं त्यांच्या हातचं. तू कोपऱ्यात पाटावर, पोळ्यांची चळत समोर, आणि पोळ्या झाल्या की त्या उचलून न्यायच्या त्यांच्या माणसाने. तू पंगतीत जायचं नाही. तुला ते कोणी बोलून दाखवलं नव्हतं आणि तूही कधी विचारलं नाहीस. घरी आल्यावर मात्र तू महाराजांची नक्कल करायचीस, डाळीत गूळ घालताना ते डोळे कसे मिटतात याची. एवढी गोड डाळ खाऊन या पोरी पास कशा होतात, हे तुला कोडंच होतं.

त्याच वर्षी ती मुलगी आली. आतल्या गावची, जैन, तिच्या घरातली कॉलेजात आलेली पहिलीच. माझ्याच वर्गात होती. बोलायची कमी, वही मात्र अशी ठेवायची की प्रोफेसरही तिच्याकडून मागून नेत. चैत्रात ओळी आली आणि परीक्षा तोंडावर. तिच्या बापाने कळवलं की ओळी इथे होत असेल तर राहू दे, होत नसेल तर मुलगी घरी येईल, परीक्षा राहिली तर राहिली. घरी गेलेली मुलगी परत येत नाही हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हाच्या रेक्टरबेननी महाराजांना विचारलं. ते म्हणाले, "आ मारुं काम नथी, बेन. साठ जणींचं करू की एकीचं?" दारात ती मुलगी उभी होती, रडत नव्हती, नुसती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. तू पोळपाटावरून मान वर करून मला हळूच विचारलंस, "शाक शे, डाय शे, मंग आखो काय जोयजे तिले?" डाळ-शाक असून आणखी काय हवं ते मी समजावून सांगितलं. तेल नाही, तूप नाही, दूध नाही, मिरची नाही. दिवसातून एकदा, एका बैठकीत. नुसतं धान्य आणि डाळ, पाण्यात शिजवलेलं किंवा कोरडं भाजलेलं. तू ऐकत होतीस आणि तुझ्या चेहऱ्यावर हसू येत होतं. "हाई ते आपलं रोजनं जेवन शे," म्हणालीस, आणि पिठाचे हात तसेच घेऊन रेक्टरबेनसमोर जाऊन उभी राहिलीस. कळण्याची, ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी आणि उडदाचं वरण. आपल्या घरी तेल नसेल तेव्हा तू जे करायचीस आणि शेजारणीला दिसू नये म्हणून दार लोटून घ्यायचीस, ते तू त्या दिवशी सगळ्यांसमोर मोठ्या तोऱ्यात सांगितलंस.

मग तू चौट्याच्या बाजारातून नवा तवा आणलास. जुन्या कुठल्याच तव्याला हात लावायचा नाही, हे तुझंच डोकं. संध्याकाळी तुला रसोड्यात थांबावं लागलं, म्हणून तवा माझ्या हाती देऊन तू सांगितलंस, घरी जाऊन चांगला मांजून ठेव. माय, मी मांजला. राखेने मांजला, चिंचेने मांजला, लोखंडाचं काळं पाणी जाईपर्यंत मांजला. आणि मग पुसून चुलीवर ठेवला, कांदा अर्धा चिरला, तेलात बुडवला आणि तव्यावर घासला. दोनदा, तीनदा, धूर येईपर्यंत. नवा तवा असाच तयार करायचा असतो, नाहीतर गंजतो, भाकरी धरून ठेवतो. तूच शिकवलं होतंस. मी तेव्हा ओळीचा विचार करत नव्हते, परीक्षेचा करत होते. हात आपला आपण चालत होता. तवा थंड झाल्यावर फडक्यात गुंडाळून ठेवला आणि पुस्तक घेऊन बसले. काही चुकलं असं मला झोपेपर्यंत वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीचा बाप स्वतः आला होता. पांढरं धोतर, काळी टोपी, बोलणं अगदी सौम्य, आणि त्या सौम्यपणाचीच मला भीती वाटली. त्याने चूल पाहिली, पाणी उकळलं आहे का पाहिलं, पीठ कधी दळलं विचारलं. तू फडकं सोडून तवा पुढे केलास आणि तुझ्या मोडक्या गुजरातीत म्हणालीस, "आ तवाने तेल अड्युं नथी, शेठ. मारी दीकरीए जाते मांज्यो छे." या तव्याला तेल शिवलेलं नाही, माझ्या लेकीने स्वतः मांजलाय. आणि तू माझ्याकडे पाहिलंस. तोपर्यंत मला आठवलंही नव्हतं, त्या क्षणी आठवलं. त्यानेही माझ्याकडे पाहिलं. "साचुं, बेन?" विचारलं. रेक्टरबेन उभ्या आहेत, महाराज हाताची घडी घालून उभे आहेत, तू फसावंस म्हणून वाट बघत. आणि तू, जिला पंगतीत पाऊल टाकता येत नव्हतं, तू तिथे मधोमध उभी. मी "हा" म्हणाले. एवढंच. एक अक्षर. तो हात जोडून बाजूला झाला आणि तू भाकरी थापायला बसलीस.

पुढचे नऊ दिवस मी कसे काढले ते माझं मलाच माहीत. डोळ्यांसमोर पुस्तक आणि नाकात कांदा. मला खरंच वास येत होता की मनाचे खेळ होते, आजही सांगता येणार नाही. तिसऱ्या दिवशी तू पाणी आणायला गेलीस तेव्हा मी तवा उचलला आणि राखेची मूठ घेऊन घासायला बसले. एवढ्यात तू आलीस. तू मला कधी मारलं नव्हतंस, त्या दिवशी हातावर फटका मारलास. "तवाले हात लावू नको," म्हणालीस, "नऊ दिन कोनीच लावाना नही. तू कांदा खास, तुले समजत नही का?" तेव्हाच बोलायचं होतं. तोंडाशी आलंही होतं, "माय, तव्यालाच कांदा लावलाय." पण तोवर तू भाकरी थापायला बसली होतीस, कपाळावर घाम, आणि ती मुलगी समोर येऊन मांडी घालून बसली होती. भाकरी टम्म फुगली की तू तिच्याकडे बघून हसायचीस, आणि ती खाली मान घालून, एक कण न सांडता जेवायची. महाराजांचा माणूस नव्हता मध्ये. तुझ्या हातातून थेट तिच्या थाळीत. चौथ्या दिवसापासून महाराजसुद्धा येता-जाता डोकावायला लागले आणि एकदा म्हणाले, "बाई, भाकरी तर फस्क्लास." ते ऐकून तू दिवसभर गुणगुणत होतीस, आणि मी मनात म्हणत होते, आता आणखी अवघड झालं.

नववा दिवस पार पडला. जेवण झाल्यावर ती स्वतःची थाळी धुवायला नळावर आली, मी तिथे पाणी भरत होते. कोणी नव्हतं आसपास. तिने थाळीकडेच बघत विचारलं, "तवा पर कांदो घस्यो हतो ने?" माझी बादली भरून वाहायला लागली तरी मी नळ बंद केला नाही. ती म्हणाली, पहिल्याच दिवशी वास आला होता. ज्या घरात कांदा कधी आलाच नाही, त्या घरातल्या माणसाला तो भिंतीपलीकडूनही कळतो. "पण मारे परीक्षा आपवी छे," म्हणाली, मला परीक्षा द्यायची आहे. "मी बोलले असते तर त्याच दिवशी बापूजी मला घेऊन गेले असते. आणि तुझी बा? तिचं काय झालं असतं?" ओळी ती आसोमध्ये, म्हणजे आश्विनात, पुन्हा करणार होती, आपल्या महाराजसाहेबांना, त्यांच्या साधूंना सांगून, जे प्रायश्चित्त देतील ते घेऊन. तिने सगळं ठरवलं होतं. अठरा वर्षांची पोर. जाताना ओले हात पुसत एवढंच म्हणाली, "बाने ना कहेती." तुझ्या आईला सांगू नकोस.

तिच्या बापाने तुला पितळेची वाटी दिली, सगळ्यांदेखत, दोन्ही हातांनी. ती तू देवापाशी ठेवलीस. ती मुलगी पहिल्या वर्गात पास झाली, मग दुसऱ्या गावी गेली, पुढे तिची गाठ पडली नाही. पुढच्या ओळीला आणखी तीन मुलींनी तुझ्या हातची भाकरी मागितली, तीही त्याच तव्यावरची, आणि तोपर्यंत त्या तव्याला वास कसला उरला असेल, असं मी स्वतःला सांगत राहिले. तू मात्र बदललीस, माय. पंगतीत जायला लागलीस. वाढायला लागलीस. महाराज रजेवर गेले की रसोडा तुझ्याकडे. हे सगळं त्या एका शब्दावर उभं आहे हे मला ठाऊक होतं, आणि तो शब्द खोटा आहे हेही मलाच ठाऊक होतं.

आणि मग तू अंथरुणाला खिळलीस. दुपारची वेळ होती, मी तुला पेज भरवत होते. तू दोन चमचे घेऊन मान वळवलीस आणि म्हणालीस, "मना हाततीन एकच चांगलं काम व्हयनं. त्या पोरनी नऊ दिन मना हातनी भाकर खादी." मग विचारलंस, "चोखं व्हतं ना व सगळं?" तू सहज विचारलंस की तुला काही कळलं होतं, याचा विचार मी बारा वर्षं करते आहे. तुझ्या हातचा तवा, तुझं नाक, तुला कांदा कळला नसेल? की आपल्या घरात कांदा रोजचाच, म्हणून तुझ्या नाकाला तो वासच वाटला नसेल? मी पुन्हा "हो" म्हणाले. तू डोळे मिटलेस. तिसऱ्या दिवशी तू गेलीस.

काल रात्री इथवर लिहून थांबले. आज सकाळी मी अर्जावर सही केली. वेगळी चूल मंजूर, कांदा-लसणाविना पंगत मंजूर. ग्वाहीच्या ओळीपुढे मात्र लिहिलं की भांडी मुलींनी स्वतः आणावी, स्वतः तयार करावी आणि त्यांचा चोखपणा त्यांनीच ठरवावा. रेक्टर फक्त किल्ली सांभाळील. पोरी खूश झाल्या. त्यांना वाटलं, बाईंनी आमच्यावर विश्वास टाकला. वाटू दे बापड्यांना.

तिने सांगू नको म्हटलं म्हणून मी सांगितलं नाही, असं मी इतकी वर्षं मनाशी म्हणत आले. ते खरं नाही. ती एक शब्द न बोलता गेली असती तरी मी गप्पच बसले असते. तुझ्या पुण्याची मला काळजी नव्हती; तू माझ्याकडे कशी बघशील याची भीती होती. तुला वाचता येत नव्हतं. मामांची पत्रं, गावाकडची पत्रं, सगळी मीच तुला वाचून दाखवायचे, आणि तुला त्रास होईल असं काही आलं की ते गाळून पुढचं वाचायचे. तुला ते कधी कळलं नाही. हे पत्र तुझं आहे, पण आत्ता तू समोर येऊन बसलीस आणि "वाच व" म्हणालीस, तर तव्यापाशी आल्यावर मी पान उलटीन.