चार हात गवत

३ फेब्रुवारी, सोमवार
आले बाई एकदाची पुण्यात! चंद्रपूरहून निघताना आईने इतक्या पुऱ्या बांधून दिल्या, जणू इथे कुणी स्वयंपाकच करत नाही. कर्वेनगरात शर्मिलाताई म्हणून एका बाईंकडे खोली मिळाली. त्यांनी दारातच सहा नियम ऐकवले, पण पाणी विचारलं नाही. पुणे पुणे म्हणतात ते हेच, असं मनात म्हटलं आणि हसले.

नोकरी मात्र झकास आहे. टेकड्या राखणाऱ्या एका संस्थेत मी वणवा प्रतिबंध समन्वयक! कामं दोन. उन्हाळ्याआधी टेकडीभोवतीची जाळरेषा पुरी करून घ्यायची, आणि खालच्या सोसायट्यांना वणव्याबद्दल शिकवायचं. एक नारिंगी जॅकेट मिळालं आणि एक भोंगा. दोन्ही घालून-धरून आरशासमोर उभी राहिले. अगदी साहेबीण दिसत होते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
आज राखणदार महिपतीमामांबरोबर टेकडी पालथी घातली. तीस वर्षं ते इथेच आहेत. जाळरेषा म्हणजे माथ्याभोवती मुद्दाम गवत जाळून केलेली काळी पट्टी. खालून वणवा आला तर जळायला काही उरलेलं नसतं, म्हणून तिथेच थांबतो. काडी लावण्याआधी मामा तीनदा हाक देतात, आत कोण हाय का म्हणून, आणि थांबून कान देतात. मला ही पद्धत फार आवडली.

पण पूर्वेला त्यांनी चार हात गवत तसंच ठेवलं. मी विचारलं, तर म्हणाले, ती मुक्ताईची वाट हाय. गवत कापणारी बाई होती. एका दुपारी आत झाडाखाली झोपली होती, आणि कुणी हाक न देताच चारी बाजूंनी रेषा पेटवली. वारा फिरला, जाळ आत शिरला. दुसऱ्या दिवशी ती या पूर्वेच्या कोपऱ्यात सापडली. मी म्हटलं, मामा, आमच्या घरी सगळे विहारात जाणारे, भूतखेत आम्ही मानत नाही. ते म्हणाले, तुमी नका मानू, गवत तेवढं ऱ्हाऊ द्या.

११ फेब्रुवारी, मंगळवार
सोसायटीत सभा झाली. सुरुवातीला सात माणसं आणि एक कुत्रा होता, पण शेवटी ग्रुपवर एकशे चाळीस जण झाले! सगळ्यांना पढवलं: धूर, सिगारेट, रेषेवर सुकं गवत, काहीही दिसलं की फोटो टाका, वाट बघू नका. सहाव्या मजल्यावरची उत्कर्षा तर फारच उत्साही. तिची बाल्कनी थेट टेकडीसमोर आहे. संध्याकाळपर्यंत तिने बिस्किटाच्या रिकाम्या पुड्याचाही फोटो पाठवला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेलेत. सोमवारी पाहणी आहे, आणि तक्त्यात सरळ प्रश्न आहे: जाळरेषा सलग आहे का? पहिल्याच महिन्यात मी ‘नाही’ लिहू? चार हात गवतापायी?

दोन मजूर घेऊन गेले. पद्धत म्हणून भोंग्यावर तीनदा हाक दिली. तिसऱ्या हाकेला आतून कुणीतरी ‘ओ’ दिली. मजुरांची चेष्टा असणार. मी हसले, तेही हसले. काडी लावली, दोन मिनिटांत काम फत्ते. मामांना मी समजावीन.

१७ फेब्रुवारी, सोमवार
पाहणीत शाबासकी मिळाली. पण दुपारी सव्वाबाराला उत्कर्षाचा फोटो आला: रेषेच्या आत एक बाई फिरते आहे. मी वर पळत गेले. कुणी नव्हतं. राखेच्या कडेने अनवाणी पावलं मात्र होती, आतल्या बाजूने, पूर्ण गोल. रेषा ओलांडून एकही पाऊल बाहेर आलेलं नव्हतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार
फोटो रोज येतोय, त्याच वेळेला. आजचा मोठा करून पाहिला. ती हात पुढे करून चालते, अंधारात भिंत चाचपावी तशी. पुढे भिंत नाही. मोकळी टेकडी आहे.

मजुरांना गाठून विचारलं, त्या दिवशी ‘ओ’ कोण म्हणालं? एकाला वाटलं दुसरा, दुसऱ्याला वाटलं पहिला. दोघांनीही शपथ घेतली.

खरं लिहू? मला शपथेची गरजच नव्हती. ते दोघे बाप्ये. आवाज बाईचा होता. मला तेव्हाच कळलं होतं, आणि तरी मी हसले.

२२ फेब्रुवारी, शनिवार
खडकवासल्याला मामांच्या लेकीकडे जाऊन आले. डोळ्याला पट्टी आहे. मी सगळं सांगितलं. रागावतील वाटलं होतं, पण ते रडले. मग म्हणाले, जिनं वाट बुजवली तिनंच ती द्यायची. ऊन डोक्यावर आलं की पूर्वेला चार हात गवत अंथरायचं आणि तिला म्हणायचं, ये बाई. ती आपली निघून जाईल. एवढंच बजावलं की रेषेच्या आत पाय टाकू नका, ती वाट एकाचीच हाय.

भीती वाटते. आईला फोन लावला आणि पुऱ्या संपल्या, एवढंच सांगून ठेवला.

२४ फेब्रुवारी, सोमवार
१२.२० — रोजनिशी सॅकमध्ये होती. दगडावर बसून लिहिते.

गवत अंथरलं. ये बाई म्हटलं. ती आली. म्हातारी, भाजलेली, डोळे नाहीत. गवतापाशी येऊन अडखळली, पडली. मी हात दिला. नुसता हात द्यायला — एक पाऊल —

ती उठली. माझ्या अंगावरून गार वारा गेला. ती गेली. मी आत आहे.

१२.३५ — चार वेळा पट्टी ओलांडली. ओलांडते, आणि पुन्हा आतच. गवतावरूनही. पायाखाली राख, पुढे तेच गवत. मामांचा फोन बंद. ऑफिसने उचलला, म्हणाले, काही ऐकू येत नाही, नुसती तडतड येतेय.

१२.४८ — ग्रुपवर उत्कर्षाचा फोटो. माझं गवत. लिहिते, चैताली मॅडम, रेषेवर कुणीतरी सुकं गवत टाकलंय, तुम्ही शिकवलंत तसं लगेच कळवतेय. खाली चाळीस अंगठे. संस्थेचं उत्तर: माणसं निघाली, आत्ता जाळून टाकतो.

मी लिहिलं, नका जाळू, मी आत आहे. मेसेज जात नाही. जात नाही.

पुन्हा उत्कर्षा: ती बाई आज नारिंगी जॅकेट घालून आलीय.

१.१० — तेच दोघे मजूर. वीस पावलांवर. हात हलवते. माझ्यातून पलीकडे बघतात. वारा आतल्या बाजूला — आई —

भोंगा. कोण आहे का आत? मी ओरडले. घशातून आवाज निघत नाही.

दुसरी हाक. एक शब्द तरी — एक —

तिसरी. सगळा जीव गोळा करून म्हटलं, ओ!

ऐकलं! थांबले. एकमेकांकडे बघितलं.

हसले. काडी —